तीर्थरूप बाबांस, विषय : डॅशबोर्डवरील काटे

नोव्हाय, मिशिगन

तीर्थरूप बाबांस,

पत्रास कारण की, आमच्या गॅरेजातल्या १९९५ सालच्या माझदा मियाटामध्ये नवे काटे बसवावेत की नाही, यावरून घरात दोन तट पडले आहेत आणि तिसरा तुम्ही पुण्यात बसून फोनवर उघडला आहे. तुमचं म्हणणं, कंपनीने दिली तशी गाडी चालवावी, नसते उद्योग करू नयेत. तुमच्या जावईबापूंचं म्हणणं, बसवायचेच तर सात बसवावेत, विमानात याहून जास्त असतात. माझं म्हणणं या दोहोंच्या मध्ये आहे. पण मधलं म्हणणं फोनवर कधीच पूर्ण होत नाही. तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देता आणि विषय मेथीच्या जुडीच्या भावावर जातो. म्हणून लेखी देते आहे. तोंडी तक्रारीला तोंडी उत्तर आणि लेखी तक्रारीला लेखी, हा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधला तुमचाच शिरस्ता. त्याप्रमाणे हे पत्र आवक वहीत नोंदवून घ्यावं.

मुळात प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. या गाडीत तेलाचा काटा नाही असं नाही. आहे, आणि दिसायला तो अगदी देखणा आहे. प्रश्न तो खरं बोलतो का, एवढाच आहे. मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९८९ साली, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. जुन्या ब्रिटिश दोन सीटच्या उघड्या गाड्यांच्या वळणावर बेतलेली ही जपानी गाडी. अशा गाडीच्या गिऱ्हाइकाला समोर काटे लागतात, म्हणून माझदाने ऑइल प्रेशरचाही काटा दिला. पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांत त्याच्यामागे खरा सेंडर होता. तेलाचा दाब बदलला की सेंडरचा विद्युतरोध बदलायचा आणि काटा त्या मानाने वर-खाली व्हायचा. १९९५ च्या मॉडेलपासून कंपनीने तो सेंडर काढला आणि त्या जागी साधा स्विच लावला. स्विचला दोनच गोष्टी कळतात, दाब आहे किंवा दाब नाही. थोडासा दाब मिळाला की काटा डायलच्या मधोमध येतो आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथून हलत नाही. डायल तोच, काटा तोच, दिमाखही तोच. फक्त मोजणं बंद.

हे एकट्या माझदाचं पाप नाही. फोर्डनेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्या कित्येक गाड्यांत हाच प्रकार केला. सेंडरऐवजी स्विच आणि डायलच्या मागे एक ठरावीक रोध, म्हणजे काटा आपोआप ‘नॉर्मल’वर. पाण्याच्या तापमानाच्या काट्याला तर आता बहुतेक सगळ्याच कंपन्यांनी असं वळण लावलं आहे. पाणी साधारण ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमधच. त्याच्याही पुढे गेलं की मात्र तो एकदम लाल पट्ट्याकडे उडी मारतो. यामागचं कारण समजायला सोपं आहे. गरम इंजिन सिग्नलला उभं राहिलं की पातळ झालेल्या तेलाचा दाब खाली येतो, ते नैसर्गिकच असतं. पण नवी गाडी घेतलेल्या माणसाला काटा खाली आलेला दिसतो आणि तो थेट शोरूममध्ये जातो. अशा शंभर माणसांची समजूत काढण्यापेक्षा एका काट्याची समजूत काढणं कंपनीला स्वस्त पडतं. रागावू नका, पण तुमचा आणि आईचा फोन हा याच पद्धतीचा काटा आहे. रक्तदाब १३० असो की १७०, गुडघा ठीक असो की सुजलेला, इकडे ऐकू येतं ते एकच, ‘आम्ही मजेत, तुम्ही आपली काळजी घ्या.’ हेतू प्रेमाचाच असतो आणि माहिती शून्य असते. माझदाचा हेतूही वाईट नसावा.

त्यातून आमच्या गाडीचं जन्मसाल फारच अडचणीचं आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला ओबीडी-टू नावाची सोय सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या त्या सॉकेटमध्ये छोटा रीडर खोचला की इंजिनाच्या संगणकाकडे असलेले पाण्याचे अंश, आरपीएम, बिघाडाचे कोड सगळे मोबाइलवर दिसतात. म्हणजे १९९४ च्या मियाटाचा काटा खरं बोलतो, १९९६ च्या मियाटाची निदान उलटतपासणी घेता येते, आणि १९९५ ची गाडी खरं बोलायचं सोडून बसली होती पण साक्षीला उभी राहायला अजून शिकली नव्हती. बरं, ओबीडी असतं तरी तेलाच्या बाबतीत उपयोग नव्हता. संगणकाला जे सेन्सर जोडलेले असतात तेवढंच तो सांगू शकतो, आणि इथे तेलापाशी सेन्सर नाहीच, स्विच आहे. म्हणून ‘मोबाइलवर बघा की’ हा तुमचा सल्ला १९९६ नंतरच्या गाडीच्या पाण्याला लागू आहे, आमच्या तेलाला नाही.

आता तुमचा पहिला आक्षेप. तुम्ही म्हणता, काटा खोटा का असेना, दाब पूर्ण गेला की तो पडेल ना? मग दिव्याइतकं काम तर तो करतोच, आणि जगातल्या निम्म्या गाड्या दिव्यावरच चालतात. युक्तिवाद जुना आहे आणि त्याला वंशावळही चांगली आहे. काटे काढून त्या जागी दिवे लावण्याची सुरुवात इथल्याच डेट्रॉइटच्या हडसन कंपनीने १९३० च्या दशकात केली. काट्यापेक्षा दिवा स्वस्त, शिवाय तो न बघणाऱ्यालाही दिसतो. पण दिवा कधी पेटतो ते पाहा. तेलाचा दिवा पेटवणारे स्विच साधारणपणे चार ते सात पीएसआयच्या दरम्यान बदलतात. उलट जुन्या मिस्त्रींचा ढोबळ हिशेब असा, की दर हजार आरपीएमला निदान दहा पीएसआय दाब हवा. म्हणजे गाडी हायवेवर तीन हजार आरपीएमने धावत असेल तर तीस हवा. समजा बेअरिंग झिजली, तेल कमी झालं किंवा पंप थकला, आणि दाब तीसऐवजी बारावर आला. इंजिनाच्या दृष्टीने हा आणीबाणीचा प्रसंग, पण स्विचच्या दृष्टीने बारा म्हणजे सातापेक्षा पाच जास्त, सगळं आलबेल. काटा पडेल तेव्हा बेअरिंगचा निकाल लागून गेलेला असेल. दिवा शेवट सांगतो, काटा वाटचाल सांगतो, आणि तीस वर्षांच्या इंजिनाची वाटचालच बघायची असते.

हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. हवेचे ब्रेक असलेल्या बसमध्ये दाब कमी झाल्यावर ओरडणारा बझर असतो, तरी ड्रायव्हरसमोर हवेचा काटाही असतोच. टाकीत हवा भरल्याचं काट्यावर दिसल्याशिवाय बस स्टँडवरून हलवायची नाही, हे तर तुमच्याच खात्याचं शास्त्र. तिथे कुणी म्हटलं नाही की बझर आहे, आता काटा कशाला. मग जे शास्त्र एसटीच्या ब्रेकला लागू, ते लेकीच्या इंजिनाला का लागू नसावं, याचा खुलासा मागवण्यात येत आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो आईचा आहे, म्हणून जपून उत्तर देते. ती म्हणते, खरा काटा लावलात की तो हलेल, हलला की तुम्ही घाबराल, घाबरलात की गाडी चालवताना रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत बसाल. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. काट्याचा अर्थ माहीत नसलेल्या माणसाला खरा काटा म्हणजे नसती धास्ती, आणि म्हणूनच कंपन्यांनी तो झोपवला. रोजच्या धकाधकीची नवी गाडी, वॉरंटीत असलेली, नियमाने सर्व्हिसिंगला जाणारी असेल तर तिथे मीही दिव्याच्या बाजूने मत देईन. पण जुनी गाडी हौसेने ठेवणारा माणूस वेगळा. त्याने एवढंच शिकायचं असतं की आपल्या इंजिनाचं ‘नेहमीचं’ काय आहे. सकाळी थंड तेल घट्ट असतं, तेव्हा काटा चांगला वर चढतो. पुरती गरम झालेली गाडी सिग्नलला उभी राहिली की तोच काटा बराच खाली उतरतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा चढतो. हे चढणं-उतरणं म्हणजे प्रकृती ठणठणीत. घाबरायचं ते नेहमीपेक्षा वेगळं दिसलं तर. रस्त्यावरून नजर हटण्याबद्दल म्हणाल तर शर्यतीच्या गाड्यांत यावर फार जुनी युक्ती आहे. डायल जागेवरच फिरवून असा बसवायचा, की काटा नेहमीच्या जागी असताना सरळ उभा, बारा वाजल्यासारखा दिसेल. मग आकडा वाचावाच लागत नाही. काटा उभा आहे की कलला, एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं.

इथे पाण्याच्या काट्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या मते पाणी तापलं तर वाफ दिसतेच. दिसते हो. बोरघाटात बॉनेट उघडून रांगेने उभ्या राहिलेल्या गाड्यांना ती दिसलीच होती. पण वाफ दिसेपर्यंत ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकलेलं असू शकतं, आणि मियाटाचं हेड ॲल्युमिनियमचंच आहे. आजकाल रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नसतं, अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट असतं. टोपण घट्ट बसून आत पंधरा पीएसआय दाब असेल तर हे मिश्रण साधारण १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब निसटला, एखादी रबरी नळी तडकली किंवा टोपणाची वायसर गेली, तर तेच मिश्रण १०७ च्या आसपास उकळायला लागतं. म्हणजे ९० वरून १०५ वर जाणं हा सगळ्यात महत्त्वाचा पंधरा अंशांचा प्रवास, आणि कंपनीचा काटा नेमका याच प्रवासात डुलकी काढतो. इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ नावाची जत्रा भरते. १९९५ पासून जवळजवळ दर वर्षी हजारो जुन्या गाड्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर भर उन्हात मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. वारा नाही, वेग नाही, सगळी भिस्त पंख्यावर. तिथे खरे अंश दाखवणारा काटा असलेला माणूस वेळेवर बाजूला होऊन सावलीत उभा राहतो. नसलेला माणूसही बाजूला होतोच, पण टो ट्रकच्या मदतीने.

तिसरा आक्षेप, गाडीचं मूळ रूप बिघडतं. हा तुमचा आवडता मुद्दा आहे आणि शौकीन लोक तुमच्याच बाजूने आहेत. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला भोक पाडणाऱ्याला इथेही कुणी पान-सुपारी देत नाही. पण वरून काटे बसवणं हे नवं खूळ आहे, हे मात्र इतिहासाला धरून नाही. मोटारीच्या पहिल्या जमान्यात उलटंच होतं. मालकाने विकत आणलेला काटा आधी आला, कंपनीचा नंतर. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ पर्यंत बनली, तिच्यात कंपनीने तापमानाचा काटा दिला नव्हता. मग लोकांनी रेडिएटरच्या टोपणावर बसणारा बॉइस मोटोमीटर आणून लावला. ड्रायव्हरने सीटवरूनच समोर बघून वाचायचा थर्मामीटर होता तो, आणि आज ज्या गाडीवर तो शाबूत असतो ती जास्त भाव खाते. १९६० च्या दशकात फोर्डनेच मस्टँगसाठी रॅली-पॅक नावाचा जोड विकायला ठेवला. स्टिअरिंगच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना एकेक डायल, एक टॅकोमीटर आणि एक घड्याळ. आता त्या जोडासाठी जुन्या मस्टँगवाल्यांची झुंबड असते. तेव्हा ‘वरून लावलेलं’ आणि ‘मूळचं’ यांच्यातली रेघ वाटते तेवढी ठळक नाही. तरीही तुमचा मान राखून माझा प्रस्ताव असा की डॅशबोर्डला हात लावायचा नाही. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर जी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती काढून माळ्यावर ठेवायची आणि तिच्या जागी दोन डायलची तयार खोबण असलेली पट्टी लावायची. उद्या गाडी विकायची झाली तर दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल अर्ध्या तासाचं काम. हे नव्या गाड्यांत मात्र करू नये, कारण त्यांच्या त्याच खांबापाशी डोक्याच्या बाजूची एअरबॅग असते. १९९५ च्या मियाटात ती भानगड नाही.

चौथा आक्षेप तुमच्या वर्कशॉपमधल्या अनुभवाचा आहे, की काटा बसवताना माणूस चार ठिकाणी नवा बिघाड करून ठेवतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते, आणि म्हणूनच पद्धतीचा आग्रह धरते. पहिली गोष्ट, यांत्रिक गेज नको. युजीन बूर्दाँ या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ साली वाकड्या नळीच्या दाबमापकाचं पेटंट घेतलं, आणि आजही यांत्रिक काटा त्याच तत्त्वावर हलतो. दाब आला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. फार प्रामाणिक यंत्र आहे, पण त्यासाठी गरम तेल बारीक नळीतून थेट केबिनमध्ये आणावं लागतं. ती नळी सुटली तर तेल पायावर. त्यापेक्षा सेंडर इंजिनावरच राहू द्यावा आणि आत यावी फक्त वायर. दुसरी गोष्ट, आटे. अमेरिकन सेंडरला एनपीटी आटे असतात, इंचाला २७. जपानी इंजिनाच्या ब्लॉकला बीएसपीटी, इंचाला २८. मापाने दोन्ही एक-अष्टमांश, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन फेरे अगदी गोडीने बसतात. पुढे माणूस पाना लावतो आणि मग नवीन ब्लॉक शोधतो. त्यासाठी दोन रुपड्यांचा अडॅप्टर मिळतो, तो आधी आणायचा. तिसरी गोष्ट, जड सेंडर ब्लॉकवरून तसाच लोंबकळत ठेवला तर कंपनांनी त्याची मान मोडते, म्हणून छोट्या होजने तो बाजूच्या पत्र्यावर बांधायचा. चौथी, एका वायरच्या सेंडरचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं. त्यावर टेफ्लॉनची टेप पागोट्यासारखी गुंडाळली तर तेल गळत नाही आणि काटाही हलत नाही. पाण्याचा सेंडर रबरी नळीत अडॅप्टर घालून बसवला तर त्या अडॅप्टरला अर्थिंगची वेगळी वायर द्यायची, कारण रबरातून वीज जात नाही. वायर पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट, करंट किल्लीनंतरच्या लाइनवरून आणि मध्ये छोटा फ्यूज. कंपनीचा स्विच काढायचा नाही. टी-जोड लावून दोघांना शेजारी शेजारी ठेवायचं, म्हणजे माझदाचा काटाही पूर्वीसारखा मधोमध आरामात राहील. त्याची नोकरी आम्ही घालवणार नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की लेक जावईबापूंच्या गोटात गेली. तसं नाही. खोट्या काट्याविरुद्धचा माझा सगळा युक्तिवाद त्यांच्या सातापैकी निम्म्या काट्यांविरुद्ध तसाच्या तसा लागू होतो. काटा खरा असायला हवा आणि त्याने सांगितलेली गोष्ट ऐकून माणसाला काही करता यायला हवं, या दोन अटी. त्यांच्या यादीत टर्बोचा बूस्ट गेज आहे. आमच्या गाडीला टर्बो नाही, त्यामुळे तो काटा जन्मभर शून्याच्या वर येणार नाही. एक आहे हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ते प्रमाण तो दाखवणार. पण गाडीतल्या मूळच्या ऑक्सिजन सेन्सरला या आकड्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच कळतं. त्याला जोडलेला गेज गणपतीच्या आराशीसारखा लुकलुकतो आणि माहिती तेवढीच देतो. खरा आकडा हवा तर वाइडबँड सेन्सर हवा, त्यासाठी एग्झॉस्टला वेल्डिंग हवं, आणि आकडा कळल्यावर इंजिन ट्यून करायची सोय हवी. ती नाही. व्हॅक्यूम गेज उपयोगी आहे, पण इंजिन तपासताना हातात धरून. तेलाच्या तापमानाचा काटा ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला हवा, आणि आमची गाडी किराणा आणते. राहिला व्होल्टमीटर. तो खरोखर कामाचा आहे. बंद गाडीत १२.६ च्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या आत असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोघंही शुद्धीवर. मियाटाची बॅटरी तर डिकीत असते, लांबून वायर येते, त्यामुळे लक्ष ठेवलेलं बरं. पण सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, त्यासाठी खांबावर जागा अडवायचं कारण नाही. जुन्या क्रायस्लर गाड्यांत व्होल्टमीटरऐवजी ॲमीटर असायचा आणि चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डमधून फिरून जायचा. जोड सैल झाले की तिथेच तापायचे. म्हणून अशा गाड्यांचे मालक आज ॲमीटर बाद करून व्होल्टमीटर बसवतात. म्हणजे खरा काटासुद्धा चुकीच्या जागी घातक ठरू शकतो, हे जावईबापूंना कळावं.

त्यात आणखी एक सापळा आहे, स्वस्त आणि बेमेळ गेजांचा. गेज आणि सेंडर एकमेकांची भाषा बोलणारे लागतात. उदाहरण पेट्रोलच्या टाकीचं घ्या. जनरल मोटर्सचा सेंडर रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्याला नव्वद सांगतो. जुना फोर्ड उलटा, रिकाम्याला त्र्याहत्तर आणि भरलेल्याला दहा. एकाचा गेज दुसऱ्याच्या सेंडरला जोडला तर टाकी आटत जाईल तसतसा काटा आनंदाने ‘फुल’कडे सरकेल. तेलाच्या बाबतीतही तेच. दोन वेगळ्या कंपन्यांचा स्वस्त माल जोडून बसवलेला काटा हलतो खरा, पण हलणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. त्यापेक्षा माझदाचा न हलणारा काटा बरा, तो निदान सातत्याने खोटं बोलतो. म्हणून सात स्वस्त काट्यांच्या पैशात दोन चांगले, एकाच कंपनीचे, सेंडरसकट घ्यायचे. इंजिन उघडून बेअरिंग बदलण्याचा इथला खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो, तेव्हा खर्चाच्या कॉलमात फार वाद होऊ नये.

शेवटचा मुद्दा सरकारी. तुमच्याकडे जुन्या गाडीला ठरावीक काळाने फिटनेससाठी आरटीओत न्यावं लागतं. मिशिगन राज्यात खाजगी गाडीची अशी नियमित तपासणी नाहीच, ना धुराची ना सुरक्षेची. तीस वर्षांची गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही, हे ठरवणारा अधिकारी म्हणजे स्वतः मालक. अधिकार दिला तर अधिकाऱ्याला काटे नकोत का?

तेव्हा ठराव असा. ऑइल प्रेशरचा एक आणि पाण्याच्या तापमानाचा एक, असे दोन इलेक्ट्रिक काटे खांबावर बसवावेत. व्होल्टमीटर लायटरच्या सॉकेटमध्ये असावा. बूस्ट, हवा-पेट्रोल, व्हॅक्यूम आणि तेलाचं तापमान नामंजूर. डॅशबोर्डला एकही भोक पडू नये. मूळ पट्टी आणि मूळ स्विच दोन्ही जपावेत. मत एकास एक असं अडलं आहे, अध्यक्षांचं मत निर्णायक राहील. विरोध असेल तर कारणासह कळवावा. पाठिंबा असेल तर मला नका लिहू, जावईबापूंना लिहा, आणि सात या आकड्यावर लाल शाईने काट मारून लिहा. तुमच्या अक्षराला ते घाबरतात.

आईला साष्टांग नमस्कार. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
धाकटी